पुडीतल्या दोन टिपा

आमच्या पुढच्या खोलीत दोन धंदे चालायचे. खिडकीखाली माझं शिलाई मशीन आणि समोरच्या भिंतीला यांचं टेबल. मी ब्लाउज शिवायची, आणि माझा नवरा पूल-स्नूकरच्या स्टिकांच्या टिपा बदलायचा. मधे एक पडदा होता. माप द्यायला आलेली बाई इकडे आणि हातात लांब स्टिक धरून उभा असलेला गडी तिकडे, हे काही बरं दिसायचं नाही. पडद्यातून ऐकू मात्र सगळं यायचं, आणि बायका माप देता देता माझ्याकडे पाहून हसायच्या.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांना सांगते. स्टिकच्या टोकाला कातड्याचा शर्टाच्या बटणाएवढा तुकडा चिकटवलेला असतो. तीच टिप. एवढी तीन हात लांब स्टिक, पण बॉलला लागतो तो तेवढाच तुकडा. खेळून खेळून तो चपटा होतो, त्याच्या कडा बाहेर फुगतात, वरून गुळगुळीत होऊन चॉक धरत नाही. मग मारला इकडे तर बॉल जातो तिकडे, आणि खेळणारा स्टिकला शिव्या घालतो. तेव्हा जुनी टिप कापून काढायची, खालची पितळी टोपी घासून सपाट करायची, नवी टिप चिकटवायची, ब्लेडनं कडा उतरवायच्या आणि वरून तिला गोल आकार द्यायचा. सांगायला एवढंच आहे. करायला गेलं की माय आठवते.

हे राजूरकडच्या कोळशाच्या खाणीत, वर्कशॉपमध्ये टर्नर होते. जन्म गेला लेथवर. रिटायर झाल्यावर वणीत एस.टी. स्टँडच्या मागे कोणीतरी पूल पार्लर उघडलं होतं, तिथं हे सहज म्हणून गेले आणि एका स्टिकची टिप वाकडी बसवलेली पाहून यांचं डोकं सणकलं. वाकडं दिसलं की या माणसाला धीर निघत नसे. माझ्या ब्लाउजांचे काज पट्टी लावून तपासायचे.

"हे काज एक सूत खाली गेलं."

"अवो, हूक लावल्यावर कोण पाहते ते?"

"मी पाहून राह्यलो ना!"

असा माणूस. त्या दिवशी त्यांनी ती स्टिक घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी सरळ करून परत दिली, आणि धंदा सुरू झाला. मागून तर चंद्रपूर, पांढरकवडा, घाटंजीहून स्टिका यायला लागल्या. लोक बसच्या ड्रायव्हरजवळ द्यायचे आणि फोन करायचे.

अवजारं सगळी त्यांनी घरीच केली. भंगारातल्या पितळेचा गट्टू आणून आतून वाटीसारखा कोरला, त्यात पॉलिश पेपर चिकटवला. तो झाला शेपर. टिपेवर उलटा ठेवून फिरवायचा, की टिप घुमटासारखी गोल होते. दुकानातला प्लास्टिकचा शेपर एका पोरानं प्रेमानं आणून दिला होता, तो यांनी नाक मुरडून बाजूला ठेवला. टिपेचा माथा टोचून खरबरीत करायला लाकडी मुठीत सुया बसवल्या. सुया माझ्या मशीनच्या, आणि मोडक्या म्हणून घेतल्या म्हणाले तरी त्यातल्या दोन धडक्या होत्या. त्यावरून आठवडाभर मी बोलले नाही. बाजू चमकवायला जुन्या पट्ट्याचं कातडं. त्याला जरा थुंकी लावायची आणि गरगर घासायचं, की टिपेची कड काचेसारखी होते. आणि गोलाई मोजायला चाराण्याचं नाणं, कडेला टिपेच्या मापाची गोल खाच कोरलेलं. बंद झालेलं नाणं ते, पण यांचं त्याच्यावाचून अडायचं. टिपेला नाणं लावून खिडकीसमोर धरायचं. मधून उजेड आला तर टिप चुकली.

एक रीत मात्र यांनी खाणीतून आणली होती. खाणीच्या स्टोअरमध्ये जुना पार्ट जमा केल्याशिवाय नवा मिळायचा नाही. बेअरिंग फुटलं तर फुटलेलं दाखवा आणि मग नवं न्या. या माणसाच्या हाडात ते इतकं मुरलं होतं की कापलेली जुनी टिप ते कागदाच्या पुडीत बांधायचे आणि दोऱ्यानं स्टिकला लटकवून परत द्यायचे. "तुह्या स्टिकमधून जे निघालं ते तुहं. पाहून घे." पोरं हसायची. "काका, अंगारा दिला का?" म्हणायची. काही जण पुडी दारातच टाकायला जायचे, तर हे ओरडायचे, "इथं नाही! घरी नेऊन फेक!"

सुरुवात यांच्या अंगठ्यापासून झाली. उजव्या हाताचा अंगठा बसल्या बसल्या बोटांवर फिरायचा, तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटल्यासारखा. यांनी खर्रा सोडून वीस वर्षं झाली होती. मी तर सरळ अंगावरच गेले. "पुन्हा सुरू केला ना? खिसे दाखवा." त्यांनी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. तरी माझा विश्वास बसला नाही. मी दोन दिवस पानटपरीवाल्याकडे चौकशी करत फिरले. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी वाटते. नागपूरच्या डॉक्टरांनी हात वर करायला लावला, बोटं उघडबंद करायला लावली, दारापर्यंत चालवलं आणि सांगितलं, कंपवात. हा बरा होत नाही, औषधानं सांभाळायचा. जसा हात बदलेल तशी गोळी बदलू, मला खरं खरं सांगत जा, म्हणाले.

परत येताना बसमध्ये हे एवढंच बोलले, "टेबल बंद नाही करत मी."

"कोणी म्हटलं बंद करा?"

"नाही, सांगून ठेवलं."

सुरुवातीला काम हातात घेतलं की अंगठा थांबायचा. त्यामुळे त्यांना टेबलावरून उठावंसंच वाटायचं नाही. मग हळूहळू तो कामातही थांबेना. एक दिवस मी मशीनवर बसल्या बसल्या पडद्याच्या फटीतून पाहिलं. त्यांनी टिपेला नाणं लावलं आणि खिडकीसमोर धरलं. नाणं थरथरत होतं. मधून उजेडाची चीर दिसायची, जायची, पुन्हा दिसायची. इतक्या लांबून मला दिसत होती. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "बरोबर हाय."

आता सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? सासूला तोंडावर बोलणारी मी, खाणीच्या क्वार्टरमध्ये नळावर माझ्या नादी कोणी लागत नव्हतं. पण त्या दोन शब्दांपुढं माझी जीभ उचलली नाही. मी मशीनचं चाक फिरवलं आणि उगीच एक शिलाई दोनदा मारली.

दुपारी गोळी घेऊन ते झोपले तेव्हा मी स्टिक हातात घेतली. टिपेचा घुमट एका बाजूला कललेला होता, आणि ब्लेड निसटून पितळी टोपीवर चरा गेला होता. मी ती टिप कापली. टोपी घासली, चरा काढला. नवी टिप चिकटवली. कडा उतरवल्या, शेपर फिरवला, पट्ट्याच्या कातड्यानं चमकवली, टोचलं. कोणी शिकवलं नव्हतं मला. पण बारा वर्षं त्या टेबलासमोर बसून, "ब्लेड दे", "पेपर दे", "उजेडातून सरक" ऐकत काढली होती. आणि माझा हात दोरा ओवणारा हात आहे. नाणं लावून पाहिलं, उजेड आला नाही. त्या दिवशी मला इतका आनंद झाला, की त्याची आता किळस येते.

दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. तेव्हापासून हेच चाललं. सकाळी हे टिप बसवायचे, दुपारी मी ती काढून नवी बसवायची. त्यांची बिघडलेली टिप ब्लाउजाच्या चिंध्यांच्या पिशवीत जायची. पुडी बांधणंही तोवर माझ्याकडे आलं होतं, कारण कागदाची घडी त्यांना जमत नव्हती. स्टिकमधून निघालेली जुनी टिप ते एका डबीच्या झाकणात ठेवायचे, आणि मी तिची पुडी करून लटकवायची.

लोक यायचे आणि म्हणायचे, "काका, हात अजून जसाच्या तसा हाय तुमचा!" हे खुर्चीत ताठ व्हायचे. त्या दिवशी पोळी जास्त खायचे. नागपूरला फोनवर लेकीला सांगायचे, "हाताचं काही नाही वं, काम एक नंबर होते." मी तिकडे भाजी चिरत ऐकायची आणि मनातल्या मनात म्हणायची, बरं केलं बाई तू. या माणसाजवळ आता दुसरं आहे काय? चालणं अडखळतं, आवाज बारीक झाला, चेहरा हसत नाही. आपल्या हाताला अजून येतं, एवढं एकच राहिलं होतं त्यांच्याजवळ. तेवढं मी मरेपर्यंत सांभाळीन, असं मी ठरवून टाकलं होतं.

मधे डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी विचारलं, हात कसा आहे? हे म्हणाले, "साहेब, अजून टिपा बसवतो. सुताचाही फरक येत नाही. लोकं नाव काढते." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो म्हणून. मग चांगलं आहे, म्हणाले डॉक्टर, आणि तीच गोळी तेवढीच पुढं लिहून दिली.

ती मान मी हलवली. दुसऱ्या कोणी नाही.

उन्हाळा लागला होता तेव्हा पांढरकवड्याच्या कोर्टातल्या एका कारकुनाची स्टिक आली. मोठा टापटीप माणूस, रविवारी खेळायचा. त्याच दिवशी माझ्याकडे लग्नाचे अकरा ब्लाउज होते, आणि नवरीची मावशी बाहेर बसून जीव खात होती. मी दुपारी घाईघाईनं यांची टिप कापली, माझी बसवली, टेबलावर आणि झाकणात जे काही कातडं पडलं होतं ते सगळं कागदावर लोटलं आणि पुडी बांधली. स्टिकमधून निघालेलं पुडीत, ही या घराची रीतच होती. माझ्या हातानं रीत पाळली. डोकं तिकडे मावशीपाशी होतं.

आणि जगात एकच माणूस असा निघाला की जो घरी जाऊन पुडी सोडून बघतो.

पुढच्या रविवारी तो सकाळीच आला. आधी स्टिकचं कौतुक केलं, अशी टिप नागपूरलाही कोणी बसवून देत नाही म्हणाला. मग खिशातून पुडी काढून टेबलावर सोडली.

"काका, सहज विचारतो. यात दोन टिपा निघाल्या. एक माझी जुनी, हे समजलं. पण ही दुसरी तर नवीकोरी आहे. चॉकसुद्धा लागलेला नाही. तुमची चुकून आली असेल तर परत घ्या."

मी पडद्याच्या अलीकडे होते, फटीतून पाहत होते. माझा पाय मशीनच्या पायट्यावर तसाच राहिला.

यांनी टेबलावरून ती टिप उचलायचा प्रयत्न केला. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बोटांत आली. त्यांनी नाणं घेतलं नाही, खिडकीकडेही वळले नाहीत. अंगठ्यानं तिची कललेली बाजू चाचपली, कडेला ब्लेडच्या झटक्यानं गेलेला टवका चाचपला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका बोटानं ओळखणारा माणूस. त्याला आपली चूक ओळखायला कितीसा वेळ लागतो?

"हे माह्या हातचं हाय," म्हणाले.

"मग स्टिकला लावलेली?"

त्यांनी नुसती मान पडद्याकडे केली. तो कारकून बिचारा भोळा. त्यानं पडदा बाजूला करून मला हातच जोडले. "काकू, तुम्ही? कमाल आहे बापा! काकांचा वारसा अगदी योग्य हाती गेला!" आणि हसत हसत गेला. त्याची काही चूक नव्हती. पण त्या क्षणी त्याला शिलाईच्या कात्रीनं टोचावं असं मला वाटलं.

तो गेला. मग हे म्हणाले,

"किती?"

"काय किती?"

"किती स्टिका?"

खोटं बोलता आलं असतं. ही एकच, घाईत खराब झाली होती म्हणून बदलली, एवढं म्हणायला किती श्वास लागतो? पण सहा महिने खोटं पेलून मी दमले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "सगळ्या. दिवाळीपासून."

मी शिव्यांची वाट पाहत उभी राहिले. खरं सांगते, मनातून मागत होते मी शिव्या. एक काज सुतानं खाली गेलं तर तासभर बोलणारा माणूस, आता घर डोक्यावर घेईल, पितळी शेपर फेकून मारेल, मारू दे. ते म्हणाले, "डॉक्टरलेही नाही सांगितलं तू." आवाज चढला नाही. डॉक्टरपुढं मी हलवलेली मानही खोटी होती, हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं. मग त्यांनी टेबलावरचे चामड्याचे कण तळहातानं पुसले, एवढ्या हळू की बघवेना, आणि आत जाऊन पलंगावर बसले.

मी मागून गेले. "तुमच्यासाठीच केलं ना मी! कायले केलं असतं नाही तर?" मान हलवली त्यांनी. समजलं, अशी. मला ती मान हलवणंही सोसवेना.

आता वाटतं, पहिल्याच दिवशी म्हटलं असतं की अवो, टिप कलली, आणा इकडे, मी ब्लेड धरते आणि तुम्ही सांगा. तर चिडले असते, दोन दिवस जेवले नसते, आणि तिसऱ्या दिवशी बाजूला बसून माझ्या प्रत्येक टिपेत खोट काढत राहिले असते. त्यात त्यांचं आयुष्य मजेत गेलं असतं. त्यांना शिकवायला आवडायचं. मला हे सुचलं नाही. त्यांच्या हाताला येत नाही हे लपवता लपवता, डोक्याला सगळं येतं हेही मी लपवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी घाटंजीची स्टिक आली. हे बाहेरच्या खुर्चीतच बसून म्हणाले, "तिच्याजवळ द्या." त्यानंतर ते टेबलाकडे गेले नाहीत. मी नागपूरला नेलं, डॉक्टरांसमोर सगळं ओकून टाकलं. डॉक्टर माझ्यावर रागावले, आणि बरोबरच होतं त्यांचं. गोळ्या वाढवल्या. आणि काय सांगू, महिन्याभरात हात पुष्कळ सुधारला. डॉक्टर म्हणाले, आता जेवढी कामं करता येतील तेवढी करत राहा, हात बसवून ठेवू नका. मी हरखले. घरी आल्यावर टेबल पुसलं, नवी ब्लेडं आणली, एक स्टिक मुद्दाम पुढ्यात ठेवली. त्यांनी पाहिली आणि मान वळवली.

दाढी करणं सोडलं त्यांनी. शर्टाची बटणं लावणं सोडलं. पेपरचं पान उलटायलाही माझी वाट पाहतात. मी चिडते, गोड बोलते, रडते. काही फरक नाही.

परवा दुपारी ताट वाढलं. भात, वरण, वांग्याची भाजी. हात मांडीवर होता आणि जवळजवळ स्थिर होता. माझ्या ब्लाउजावर टिकली लावून घेता आली असती, इतका स्थिर. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वरण गार व्हायला लागलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हात चालते तुमचा! डॉक्टरनं सांगितलं, मला दिसून राह्यलं, चांगला चालते. काहून खात नाही हातानं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या चेहऱ्यात राग शोधला, टोमणा शोधला. काहीतरी सापडलं असतं तर मी त्याला धरून भांडले असते. काही नव्हतं.

"तू कर," म्हणाले. "तुहं चांगलं होते."

मी भात कालवला. त्यांनी तोंड उघडलं.